सुरी केली कोणी?

रुवैसला, कॅम्पच्या एकवीस नंबर खोलीत
दारामागे एसीच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवलाय.
त्यावर स्केचपेनने काढलेली होडी,
निघायच्या आधीच पोचलेली.

मालिका कुठल्याशा बर्फाळ देशातली, हिंदीत डब केलेली.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री,
आणि आम्ही चौघं शुक्रवारी पडदा ओढून
परक्यांच्या थंडीत बसायचो.

गोष्ट एवढीच:
एक म्हातारा नावाडी एका पोराला सुरी देतो.
पोर मोठं होतं, नावाडी होतं, म्हातारं होतं,
धुक्यातून उलटं वल्हवत येतं
आणि तीच सुरी त्या पोराला,
म्हणजे स्वतःलाच, देतं.

"मग सुरी केली कोणी?"
इब्राहिम परकारचा घास हातातच राहिला.
त्या आठवड्यात खोलीत दुसरा विषय नव्हता.

परकार म्हणे, सुऱ्या दोन आहेत;
पाचव्या भागात मूठ काळी, नवव्यात तपकिरी.
बिजू म्हणे, म्हातारा तो नव्हेच,
तो त्याचा बुडालेला भाऊ.
कान बघा, कान. माणूस म्हातारा होतो,
कानाची पाळी बदलत नाही.
मी म्हटलं, पोराने सुरी घेतलीच नाही तर?
तिघं माझ्याकडे असे बघायला लागले,
जणू मी पगार नको म्हणालो.

घरत मात्र गप्प. रेवसचा फिटर,
वीस वर्षं फ्लँजचे बोल्ट आवळलेला.
भांडी घासता घासता म्हणाला,
"झिजंल ना रं ती.
दर फेरीला केसभर.
शंभराव्या टायमाला म्हातारा काय देल पोराला?
नुसती मूठ."

बिजूने उगाचच रिमोटचे सेल काढून परत घातले.

आमच्या घरी दीड तास पुढचं चालू असतं.
बायको भाग आधी बघते, फोनवर म्हणते,
"शेवटी ना, तो..."
"सांगू नकोस!" मी ओरडतो.
सगळं माहीत असलेल्या माणसासारखी ती हसते.
मग धाकटी स्क्रीनला तोंड लावून
खिडकी दाखवते दातांतली.
जो दात येताना मी पाहिला नाही
तो पडलेला पाहिला.
याला पुठ्ठ्यावर कुठे जागा द्यायची, कळेना.

शटडाउन संपलं, घरतचं कॉन्ट्रॅक्टही.
चाळीस किलोत बसेल तेवढं त्याने बसवलं,
शेवटच्या रात्री पुठ्ठ्यावर एक गोल काढला,
गोलावर एक व्हॉल्व्ह,
आणि समजावून न सांगता झोपला.

अकराव्या दिवशी शेवटचा भाग आला.
होडी जळाली. व्हायोलिनं वाजली.
सुरीबद्दल अवाक्षर नाही.
परकारने अर्धा तास लेखकाच्या सात पिढ्यांची खबर घेतली,
मग म्हणाला, "मागच्या पिढ्यांना बोलून उपयोग काय,
तो तिकडे जाऊन निस्तरून आला असेल."

घरतच्या पलंगावर आता निनाद खोत.
चिपळूणचा, पाइपिंगचा डिप्लोमा, अजून नाकाचं साल निघालेलं नाही.
पहिल्याच संध्याकाळी दारामागे वाकून म्हणाला,
"हे कुठल्या युनिटचं ड्रॉइंग?
लाइन गोल फिरतेय, पण इनलेटच नाही.
मग यात पाणी आलं कुठून?"

परकारने चहाचा कप खाली ठेवला.
"बैस," म्हणाला, "पहिल्या भागापासून लावतो."

"आधी कांदा चिरून घेतो," निनाद म्हणाला.
ओट्यावरून आवाज आला,
"ही सुरी कोणाची?"

मी आलो तेव्हा होती ती.
घरतलाही विचारलं होतं मी,
तो आला तेव्हाही होती म्हणाला.
पातं करंगळीएवढं उरलंय.

कांदा चिरते अजून.