तीनदा नाव

पुंता अरेनासला वारा असा, की
दवाखान्याचं दार उघडायला दोघं लागतात.
आनाहीनं ढकललं, मी आतून ओढलं;
फटीतून बेल्त्रान आला,
वय तीन, हातमोजा एकच.

नाव घेतलं. फॉर्मवर रेघ.
पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं.
तिसऱ्यांदा आईनंच. माझ्यासमोर हाक मारताना
तिचा आवाज पाहुण्यासारखा झाला.
तो टेबलाखाली, गाल जमिनीला टेकवून
उलट्या गाडीचं
मागचं एकच चाक फिरवत होता.

खोटा वाढदिवस मांडला: मातीचा केक, बाहुली.
फुंक म्हटलं.
त्यानं मेणबत्ती उपटली,
भोकात बोट घालून पाहिलं.
हे कुठल्या रकान्यात बसवू?

मग हीटर बंद पडला.
आम्हा दोघींना कळलंही नाही.
त्यानं चाक थांबवलं, मान वर केली,
भिंतीकडे बोट दाखवलं.

मी लिहिलं: बोट दाखवतो.
खोडलं.
लिहिलं: कोणाला?

कोट चढवताना आनाही विचारते,
वर्गाबाहेर उभ्या आया विचारतात तसं,
बरा गेला ना?
मी वाकून दुसरा हातमोजा शोधतेय,
बाकाखाली, कपाटामागे.
बेल्त्रान दाराच्या फटीला
कान लावून.