निळ्याचे दोन नंबर

ऑर्डर आली चेन्नईहून:
चारशे टॉवेल, तीस बाय साठ,
मध्ये कासव, दोन्ही काठांना दोन देशांचे किनारे.
बैठक आहे म्हणे. इकडचे आणि लंकेकडचे
कोळी, साहेब, कासवं मोजणारी पोरं
एका टेबलाला बसणार.
जाळी कुठल्या महिन्यात टाकायची नाहीत,
तुटून तळाला बसलेली कुणी ओढून काढायची,
आणि कुणाच्या डिझेलवर.
टॉवेल त्यांच्या खांद्यांवर टाकायला.

मी कार्डं पंच करतो,
अशोक चौकामागे, पहिल्या मजल्यावर.
समुद्र पाहिलेला नाही.
एकदा गोव्याला निघालो होतो,
मिरजेत निरोप आला, सासरे गेले.

कासवाला अकराशे कार्डं लागली.
पाठ जमली, डोळा जमेना.
तीनदा विणलं, तीनदा मेलेलंच दिसलं.
आई म्हणाली, ताबेलूचा डोळा ओला असतो रे,
दोन फंदे पांढरे सोड.
सोडले.
बघायला लागलं.

मग समुद्र.
फोन लावला: साहेब, मधली रेघ कुठून नेऊ?
नकाशात तुटक तुटक आहे.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
म्हणाले, रेघ नको.
तासाभराने पुन्हा: रेघ नकोच, पण निळे दोन घ्या.
त्यांचा जरा हिरवट.
संध्याकाळी तिसरा फोन, बाईचा,
मोडकं हिंदी, बहुतेक तिकडची:
भैया, कासव कुठल्या निळ्यात ठेवलंय?
म्हटलं, अर्धं अर्धं.
ती हसली. डोकं आमच्याकडे आलं तर तुमचे भांडतील,
शेपूट आलं तर आमचे.
तिरकं ठेवा.
पोहतंय असं.

सूत रंगायला गेलं कुरापाटीच्या डाईंगला.
तिथं गटार एकच,
कुरापाटी आणि दस्तगीर मुल्ला यांच्या मधून जाणारं,
आणि त्यावरून नऊ वर्षं दावा:
गाळणीचा हौद कुणाच्या जागेत खणायचा,
वाहतो तो रंग कुणाचा.
कुरापाटी म्हणतो, लाल त्याचा.
मुल्ला म्हणतो, लाल राहू दे, आज निळा आहे, बघा.
निळाच होता.
माझा. एक्केचाळीस नंबर,
मागून सत्तावन्न.
पुलाखाली पोचेपर्यंत
दोघांत फरक राहिला नव्हता.

सायकल लावून उभा राहिलो.
नाला सीनेला,
सीना कुडलला भीमेत,
भीमा रायचुराकडे कुठंतरी कृष्णेत,
पुढे आजोबांच्या मुलखातून खाली खाली.
शाळेत पाठ केलं होतं सगळं.
कृष्णा शेवटी कुठे मिळते,
याला एक मार्क होता.

सॅम्पल घेऊन गेलो दोघांकडे.
गटारावरच्या फरशीवर पसरलं.
मुल्लानं चिमटीत धरलं: वजन कमी आहे.
कुरापाटी म्हणाला, फंदा बसला नाही नीट.
नऊ वर्षांत पहिल्यांदा
दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं,
माझं काम भिकार आहे.
मी म्हटलं, असू दे. पण हे कासव
तुमच्या या पाण्याच्या टोकाला राहतं.
मुल्ला बराच वेळ वाकून बघत होता.
मग विचारलं, याचा डोळा कुणी काढला?

टॉवेल गेले.
बैठकीचं काय झालं, कळलं नाही.
पैसे आले, नगामागे एक रुपया कापून.
एक डागी टॉवेल घरी ठेवला,
पाठीत धागा सुटलेला.
पहिल्या चार धुण्यांना पाणी निळं आलं.
आईनं बादली मोरीत ओतली नाही,
जास्वंदीच्या कुंडीत ओतली,
आणि मला सांगितलं, कुरापाटीला म्हणावं
रंग पक्का कर,
जास्वंद रुसली.

हौद मुल्लाच्या बाजूनं चार फूट खणलाय.
पुढे हद्द.
हद्दीवर कुरापाटीची मोटरसायकल उभी असते,
रोज, मुद्दाम आडवी.

काल नव्हती.
गावाला गेला असेल.