अठ्ठ्याहत्तर अंश पूर्व

जंगू आत्रामचं वावर आज सकाळी
आफ्रिकेच्या काखेत, समुद्रात सापडलं.
पावणेतीन एकर, सहा साग, एक मोहाचं झाड,
सगळं मिळून मिलिमीटरभर.
अंशांचे आकडे मी मीटर समजून भरले होते.

परवा तेच वावर बर्फात होतं,
ध्रुवाजवळच्या कुठल्याशा बेटावर,
अक्षांशाच्या जागी रेखांश बसला म्हणून.
काल अरबी समुद्रात. पट्टा चुकला.
जंगू खुर्चीवर टेकत नाही.
दाराशी उभा राहून पडद्याकडे बघतो:
"आज कुठं हाय माझं?"

किनवट यायच्या आधी कुठंतरी
ही रेघ डांबरी ओलांडते.
फलक नाही, नाका नाही.
अलीकडं पट्टा त्रेचाळीस, पलीकडं चव्वेचाळीस.
अलीकडं जंगूच्या मेहुण्याचं शेत.
ओढ्याचं पाणी दोघांचं,
आकडे मात्र एकमेकांना ओळखत नाहीत.

मोईजसाब रिटायर होऊन अकरा वर्षं झाली.
निजामाच्या काळचा कापडी नकाशा निघाला
की मी त्यांनाच बोलावते.
उर्दूतली नावं ते बोटानं उलगडतात, उजवीकडून.
माझ्या पडद्यावर तो नकाशा
सव्वाशे मीटर सरकून बसतो,
गावची विहीर शाळेच्या वर्गात जाते.
हातानं ओढून बसवायला निघाले, तर म्हणाले,
"ओढू नकू. तो खोटं बोलत न्हाई.
त्याची पृथ्वीच येगळी होती.
कुठनं मोजलं, ते इचार आधी."

तेव्हा कुठे माझी चूक दिसली.
मी आकड्यांना नवं नाव देत होते
आणि समजत होते, त्यांना घरी आणलं.
नाव बदलल्यानं आकडा हलत नाही,
त्याच्याखालची जमीन तेवढी निघून जाते.
आधी जुनं नाव खरं सांगायचं,
मग रूपांतर.

दुपारी लाईट गेली, आली.
उपग्रहाच्या चित्रावर वावर येऊन बसलं,
मोहाची सावली बरोब्बर कोपऱ्यात.
जंगूनं लई वेळ बघितलं.
"बांध एक हात आत घेतलाव तुम्ही."

एक हात.
माझ्या यंत्राला तीन मीटरची चूक माफ असते.
काही बोलले नाही मी.
टेप घेतला, चपला घातल्या,
त्याच्या मागं निघाले.