पाणी किती?

रात्री पावणेदोनला उमललं.
नवतपाचा चौथा दिवस, गच्चीच्या फरशीला अजून धग,
शेजाऱ्यांचा कूलर घरघरत होता
आणि वीतभर देठावर पांढरंशुभ्र एकिनॉप्सिस,
अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी फोटो टाकला.
'काटेरी मंडळ, नागपूर', सदस्य दोनशे चौदा.
तिघांनी पाहिला.
त्यातली एक मीच, दुसऱ्या नंबरावरून.

आधी असं नव्हतं.
कळी आली म्हटलं की खामल्याचे लांजेवार
रात्रपाळीवरून लिहायचे,
"झोपू नका ताई, एक ते तीनच्या मधात उघडते."
मोमिनपुऱ्याचे शब्बीरभाई सडकी मुळं कापून
उरलेली वर्तमानपत्रावर वाळत घालायचे,
आणि त्यांचे फोटो असे पाठवायचे
जसे पोरीच्या लग्नातले.
पौनीकर बाई आणि चाफल्यांचं
कोराडीच्या राखेवरून वाजलं होतं,
राख मातीत मिसळावी की नाही,
सतरा दिवस!
शेवटी चाफले पोतंभर राख त्यांच्या दारात ठेवून आले,
"घालून तर पाहा न बाप्पा."

नवीन आलेला माणूस कुणीही असो,
पहिला प्रश्न एकच: पाणी किती?
त्यावर वीस उत्तरं.
पंधरवड्याला. महिन्याला.
लावलंय हेच विसरून जा.
गजघाटे सर तेवढे दर वेळी तेच लिहायचे,
मातीत बोट घाला,
मला काय विचारता, बोटाला विचारा.

कधी थांबलं, नेमकं सांगता येत नाही.
भांडण झालं असतं तर तारीख तरी राहिली असती.
आधी उत्तरांच्या जागी अंगठे आले,
मग अंगठेही आटले,
मग कुणीतरी वाठोड्यातला प्लॉट विकायला टाकला
आणि त्याला कुणी हटकलंसुद्धा नाही.
तेव्हाच समजायला हवं होतं.

एका सकाळी सरांच्या नंबरावरून आलं,
"बाबा गेले. कुंड्या न्यायच्या असतील त्यांनी यावं."
मी गेले. फाटकाशी मी एकटीच.
त्रेपन्न कुंड्या, आणि माझी एक स्कूटी.
सहा आणल्या.
बाकीच्यांचं काय झालं
ते अजून विचारलेलं नाही.

हे फूल त्या सहांतल्या एकाचं.
दहाच्या उन्हात ते ओल्या रुमालासारखं लोंबलं
तेव्हा कूलरची मोटर पाहायला सुगत आला,
मानेवाड्याचा, वीस-बावीसचा.
मोटर राहिली बाजूला,
कुंडीपुढं उकिडवा बसला.
"मॅडम, काट्याले फूल कसं काय येऊन राहिलं?"

काय सांगू.
बुडाशी पिल्लं होती पाच-सहा,
एक चिमट्यानं सोडवलं, पेपरात गुंडाळून दिलं.
त्यानं ते पिशवीत ठेवलं, पकडीशेजारी, टेस्टरशेजारी,
जपून.
जिना अर्धा उतरल्यावर मागं वळला.

"पाणी किती टाकू?"

मी कठड्याला धरून उभी,
आणि लांजेवार, शब्बीरभाई, बाई, चाफले
सगळे एकदम बोलायला लागले
माझ्या घशात.
"तुझा नंबर दे," एवढंच निघालं.

रात्री ग्रुपवर त्याचा फोटो.
पेंटच्या रिकाम्या डब्यात पिल्लू, काळी माती काठोकाठ,
वरून चकाकतं पाणी.
डब्याला भोक दिसेना.

वर अक्षरं आली: चाफले टाइप करत आहेत.
मी चष्मा पुसला.
चाफले टाइप करत आहेत.
मग ती अक्षरं गेली.

कूलरच्या टाकीतलं पाणी संपेपर्यंत वाट पाहिली,
मोटर कोरडी खरखरायला लागली,
तशी उठले, पाइप लावला,
आणि ओल्याच बोटानं लिहिलं:
आधी डब्याले भोक पाड.