पाचास चार

आपले पाच, समोर चार,
आणि पक फिरतोय नुसता
आहेराच्या पाकिटासारखा,
ह्याच्याकडून त्याच्याकडे, उघडत कुणीच नाही.

बाहेर सस्कॅचेवानची सकाळ, उणे एकतीस.
पेट्रोलपंपाच्या काउंटरवर
कालचा सामना पुन्हा चाललाय
साखरेच्या पुड्या मांडून.
ही ब्लूलाइनवर, ही गोलीच्या नाकासमोर,
मिठाची बाटली म्हणजे तो नवा डावखुरा.
"मारतच नाही! अरे, मार ना बाबा!"
ओरेस्ट बोलतो तेव्हा कॉफी सांडते.

एकोणीस संधी, एक गोल.
तोही त्यांच्याच कुणाच्या तरी स्केटला लागून.

विल्मा म्हणते, कोच हाकला.
ड्वेन म्हणतो, तिसऱ्या सत्रात बर्फच मऊ पडतो,
आणि जीभ चावतो,
कारण बर्फावर यंत्र फिरवतो तोच.

नाहीतर एक माणूस कमी असला
की कशी जिवावर उदार होतात हीच पोरं!
आडवी पडतात, बरगडीवर झेलतात.
"आपल्याला जास्तीचं सोसत नाही,"
विल्मा एक पुडी फोडून कॉफीत ओतते.
बचावपटू गेला.

ओरेस्टनं यंदाही दोन पास काढलेत,
रांग सात, खुर्ची चौदा आणि पंधरा.
पंधरावर त्याचे हातमोजे बसतात.
कुणी विचारत नाही.

"शुक्रवारी येणार ना?"
"येऊन काय दिवे लावू?"
ट्रक तापत ठेवून तो परत आत येतो,
मिठाची बाटली
गोलीकडे सरकवतो.
बोटभर.