घेऊन दाखव

प्रिस्का, आज तुझी पहिली रात्रपाळी.
चाव्या इथे. ऑक्सिजनचा पाना तिथे, खिळ्याला.
आणि हा शिक्का: ‘रुग्णास समजावून सांगितले.’
शाई कधी संपत नाही त्याची.

मी तो तीनदा मारला होता
भागिरथी लोंढेच्या केसपेपरवर.
देवनारच्या डंपिंगवर भंगार वेचायची,
वय सांगायची पंचावन्न, दिसायची सत्तरची.
दर खेपेला ओठ निळे,
हात गुडघ्यांवर टेकलेले,
शब्द श्वासामागून फरफटत.
नेब्युलायझर, सलाईन, चार दिवस खाट.
मग घरी जाताना कॅप्सूल, त्या ओढायचा पंप,
शिक्का, सही.
‘नीट घ्यायचं हां, मावशी.’
मावशी मान हलवायची.
गरीब माणूस इस्पितळात किती वेळा मान हलवतो,
मोजून बघ कधी.

तिसऱ्या खेपेला डॉक्टर चिडले,
‘औषध घेतच नाही ही बाई.’
मीही चिडले.
काय बोलले ते आठवत नाही.
तिला आठवत असेल.

दुपारी जमना सोलंकी फरशी पुसायला आली.
फडका बादलीत पिळला, खाटेशी उकिडवी बसली,
आणि शेजारणीला भाजी विचारावी तसं,
‘कशी घेतेस गं? घेऊन दाखव.’

भागिरथीने कॅप्सूल काढली,
जिभेवर ठेवली,
वर पाण्याचा घोट.

सकाळ-संध्याकाळ. एक दिवस न चुकवता.
आणि पंप?
‘घरी हाय, देवाच्या फळीवर.
म्हागाची वस्तू, पोरं मोडत्याल.’

पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती.
जमनाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
बादली उचलून पुढच्या खाटेखाली गेली.

मी कपाटातून नवा पंप काढला.
ही आत टाक. पिळ. टर्रकन वाजलं ना?
आता सगळा श्वास सोड. ओठ घट्ट. ओढ!
पहिल्यांदा पंपातच फुंकलं तिने,
पांढरी भुकटी माझ्या चष्म्यावर.
दोघी हसलो. तिला ठसका लागला.
चौथ्यांदा जमलं.
‘गोड लागतंय की,’ म्हणाली.
सात मिनिटं. घड्याळ पाहिलं होतं मी.

तू म्हणशील, चाळीस खाटा, दोन सिस्टर,
सात मिनिटं आणायची कुठून?
मला अजून ठाऊक नाही.
कधी चहातून काढते, कधी डब्यातून,
कधी निघतच नाहीत.
त्या दिवशी मी शिक्का मारत नाही.
जागा कोरी ठेवते,
पुढच्या पाळीला कळावं म्हणून.

बरं, चौदा नंबरला उद्या डिस्चार्ज.
इन्सुलिन नव्याने सुरू झालंय.
घरी फ्रिज आहे का विचार.
नसेल तर माठाचं सांग,
पण आधी तिला बोलू दे.
आणि जाताना तो शिक्का
इथेच ठेव, टेबलावर.