पडल्यावर

ब्रायनी गेली त्या मंगळवारी
सरावाला आम्ही बाराच जणी होतो.
तेरावी कोण, हे कुणी विचारलं नाही.
मैदानामागे खाणीतल्या मातीचा ढिगारा,
त्यावर आता गवत आलंय, मेंढ्या चरतात,
नवख्याला वाटावं टेकडी.

ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात
ती रात्रपाळीला होती. तिच्या घामाला
गोडूस, काळा वास यायचा,
तिला पाडताना तो नाकात बसायचा.
अकरा वर्षं आमच्यासोबत लीग खेळली.
बूट स्वतःचे, बसभाडं स्वतःचं,
दात पडला तर तोही स्वतःचा.

मग दक्षिणेतून फोन आला, युनियनवाल्यांचा.
पगार देतो म्हणाले. महिन्याचा पगार,
गुडघ्याचा विमा,
आणि जर्सी धुणारं दुसरंच कुणी.

आमच्या यॉर्कशायरच्या या कोपऱ्यात
युनियन म्हणजे मॅनेजरांच्या पोरांचा खेळ,
हा शब्द आम्ही शिवीसारखा उच्चारतो.
तिच्या बापानं, क्लिफ ऍक्रॉइडनं,
काही न बोलता चहाचा कप उपडा घातला.
संपाच्या वर्षी कामावर गेलेल्या शेजाऱ्याशी
जो अजून बोलत नाही,
त्याच्याकडून याहून वेगळं काय होणार?
क्लबच्या बारमधला तिचा फोटो
कुणी उतरवला नाही.
फक्त त्याच्यासमोर जुगाराचं मशीन आणून ठेवलं.

पहिल्या सामन्याचं तिनंच मला सांगितलं.
तिला पाडलं,
आणि ती उठली.
आमच्यात तसंच असतं:
पडलीस की अंगावरच्या तिघी बाजूला होतात,
तू उठतेस, चेंडू जमिनीला टेकवतेस,
पायानं मागे सारतेस.
सहा वेळा पडायची मुभा, मोजून.
तिथे मात्र शिट्टी वाजली.
"उठतेस कशाला?" कोच ओरडली.
पडलीस की पडून राहायचं.
चेंडू हातभर मागे ठेवायचा, सोडून द्यायचा,
आपल्याच माणसांना अंगावरून जाऊ द्यायचं,
बुटांसकट.
मोजदाद नाही. कितीही वेळा पड.

अख्खा मोसम लागला तिला
पडून राहायला शिकायला.
भाड्याच्या खोलीत रात्री दचकून उठायची
तेव्हा रजई पायथ्याशी गेलेली असायची,
झोपेत पायानं सारलेली.

लाइनआउटला दोघी तिला
मांड्यांना धरून वर उचलायच्या.
एवढ्या उंचावरून तिनं कधी मैदान पाहिलं नव्हतं.
"पहिल्यांदा वर गेले ना," म्हणाली,
"तर वेड्यासारखी ढिगारा शोधत होते."
दोनशे मैलांवरून कसला दिसतोय.
चेंडू तेवढा हातात आला.

देशाची जर्सी तीनदा मिळाली,
तिन्ही वेळा बाकावरून,
सगळी मिळून बेचाळीस मिनिटं.
मी ती बघितली, शाळेच्या स्वयंपाकघरात,
फोन पिठाच्या डब्याला टेकवून.

करार संपल्याचा ईमेल आला
तेव्हा ती चौतीस वर्षांची, खांद्यात दोन स्क्रू.
एका मंगळवारी येऊन उभी राहिली
जणू मधे सहा वर्षं नव्हतीच.
आम्हालाही आता सामन्यामागे पैसे मिळतात,
पेट्रोलपुरते.
निम्म्या पोरी तिला ओळखत नव्हत्या.

मीच पाडलं तिला, दुसरं कोण पाडणार.
वास आला नाही. नुसता साबण.
आणि ती पडली ती पडूनच राहिली,
चेंडू हातभर मागे, नीट ठेवलेला,
डोळे मिटून, दात आवळून,
कुणीतरी अंगावरून जाईल याची वाट बघत.
आम्ही रिवाजाप्रमाणे बाजूला झालो.
कुणीच गेलं नाही.
चिखलात तिचा हात एकटाच लांब पसरलेला.

कुंपणाच्या कठड्याशी क्लिफ उभा होता.
कधी आला कुणास ठाऊक,
थर्मास काखेत, टोपी कानावर,
गुडघे दुखतात म्हणून कठड्यावर रेललेला.
त्यानं घसा खाकरला.
शनिवारी सगळं स्टँड मोजतं ना,
त्याच आवाजात, आमच्याकडे न बघता
म्हणाला:
"एक."